ट्रक मोठा की फुलपाखरू?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या महिला व पालक सभेत रविवारच्या बालवर्गातर्फे वाचलेले भाषण)



समितीने आम्हाला वीस मिनिटे दिली आहेत. त्यातले पहिले मिनिट आम्ही समोरच्या मुलांना देणार आहोत. मुलांनो, सांगा बरं, ‘ट्रक’ हा शब्द मोठा, की ‘फुलपाखरू’ हा शब्द मोठा?

ऐकलंत ना? सगळ्या सतरंजीने एका सुरात सांगितले, ‘ट्रक’! आणि का म्हणून सांगू नये? चाकणच्या रस्त्याने रोज जाणारे कंटेनर ज्यांनी बघितलेत त्यांना फुलपाखरू मोठे कसे वाटेल? आम्ही विचारले शब्दाबद्दल आणि मुलांनी उत्तर दिले वस्तूबद्दल. आज आम्हाला जे सांगायचे आहे ते सगळे या एका उत्तरात आले आहे. शब्द म्हणजे तोंडातून निघणारा आवाज, तो लांब असतो, आखूड असतो, त्याचे तुकडे पडतात, ही गोष्ट लहान मुलाला आपोआप कळत नाही. आणि ती कळल्याशिवाय पाटीवरच्या अक्षराचे त्याने करायचे काय?

आता आमची ओळख. आम्ही चौघी जणी. दोघींनी आयुष्यभर बालवाडीत मुलं सांभाळली आणि आता घरी आहोत. एक जण कंपनीत क्वालिटीला आहे, तिला रविवारची तेवढी सुट्टी. चौथी सातवी शिकलेली गृहिणी, आणि खरं सांगायचं तर आमच्यातली सगळ्यांत हुशार तीच. २०२० च्या मार्चपासून अंगणवाड्या आणि शाळा बंद होत्या. त्या काळात आपल्या गल्लीतली कितीतरी पोरं वर्ग कसा असतो तो न बघताच पहिलीत दाखल झाली. त्यांच्या आया आमच्याकडे यायला लागल्या, म्हणून २०२२ साली विहाराच्या मागच्या खोलीत हा वर्ग सुरू झाला. तीन ते सात वर्षांची मुलं, एक सतरंजी, एक फळा.

सुरुवातीला आम्ही काय केले, ते सांगायला जरा लाज वाटते, पण सांगतो. आम्ही बाराखडी घोकून घेतली. पोरांचा आवाज असा की बाहेर रस्त्यावर माणसं थांबायची. पुढच्या वर्धापनदिनी याच स्टेजवर मुलांनी क पासून ज्ञ पर्यंत खडाखडा म्हणून दाखवले. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या, एका दादांनी खाऊसाठी शंभर रुपयेही दिले. आमची छाती फुगली.

त्याच संध्याकाळी आवराआवर करताना आमच्यातल्या एकीने एका मुलाला सहज विचारले, “बाळा, ‘मगर’ कशाने सुरू होतो?” तो म्हणाला, “तोंडाने.” आम्ही हसलो. मग दुसरीला विचारले, तिसऱ्याला विचारले. ‘मगर’, ‘मका’, ‘मडकं’ या तिन्ही शब्दांत सुरुवातीला सारखे काय आहे, हे पंधरा मुलांपैकी तिघांनाच सांगता आले. बाकीच्यांना म म्हणता येत होता, म काढता येत होता, पण स्वतःच्या तोंडातल्या शब्दात तो म बसलेला आहे याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या लेखी बाराखडी हे एक लांबलचक गाणे होते. गाणे पाठ होते आणि वाचन शून्य. त्या रात्री आम्हाला चौघींना झोप नाही.

याच वर्गात एक मुलगा होता. शाळेत त्याच्या वहीवर नुसते लाल शेरे, आणि मुलं त्याला ‘ढ’ म्हणायची. घरीसुद्धा तोच शब्द. बंधूंनो, या ‘ढ’ची गोष्ट गमतीची आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत जी ब्राह्मी लिपी आहे तिच्यातला ‘ढ’ आणि आपला आजचा ‘ढ’ जवळजवळ सारखा दिसतो. बाकीची अक्षरे शतकानुशतके बदलत गेली, हा पठ्ठ्या होता तिथेच राहिला, म्हणून पुढे न सरकणाऱ्या पोराला ‘ढ’ म्हणायला लागले, असे सांगतात. खरे-खोटे जाणकार जाणोत. आम्हाला मात्र अशोकाच्या काळापासून टिकून राहिलेल्या अक्षराबद्दल आदरच वाटतो. तर या मुलाला दिसत होते नीट, बोलत होता भरपूर, डोके तल्लख. मोटारसायकलच्या नुसत्या आवाजावरून कंपनी सांगायचा! म्हणजे कान तयार होता. तो कान शब्दाकडे वळवायला कुणी शिकवले नव्हते, आणि न शिकवणाऱ्यांत आम्हीही होतो.

मग आम्ही शोधाशोध केली. या विषयावर जगात चाळीस-पन्नास वर्षे काम झालेले आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या दोघांनी १९८३ साली एक अभ्यास छापला. चार-पाच वर्षांच्या चारशेवर मुलांना त्यांनी वाचन येण्याआधी शब्दांचे आवाज ओळखायला लावले, की कोणता शब्द गटात बसत नाही ते सांग. ज्यांचा कान तयार होता ती पुढे वाचनात पुढे राहिली. ज्यांचा कान कच्चा होता अशा पासष्ट मुलांचे त्यांनी गट केले. काहींना दोन वर्षांत चाळीस वेळा, थोडा थोडा वेळ, चित्रे घेऊन आवाजांचे खेळ शिकवले. काहींना त्याच खेळांबरोबर प्लॅस्टिकची अक्षरेही हातात दिली. हा दुसरा गट सगळ्यांच्या पुढे गेला. म्हणजे नुसते अक्षर नाही आणि नुसता खेळही नाही. आधी कान, आणि मग कानाच्या जोडीला अक्षर.

डेन्मार्कमध्ये बोर्नहोम नावाचे एक बेट आहे. तिथे इंगवार लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत न गेलेल्या सहा वर्षांच्या मुलांशी आठ महिने रोज असे खेळ खेळले, एकही अक्षर न शिकवता. १९८८ साली त्यांनी लिहिले की ही मुले पुढे वाचायला आणि लिहायला इतरांपेक्षा चांगली निघाली. खेळ कुठले? यमके जुळवणे, टाळ्या वाजवणे, शब्दाचा पहिला आवाज पकडणे. हे वाचून आमची सातवी शिकलेली मैत्रीण म्हणाली, “अगंबाई, हे तर आमची आजी करत होती!”

खरेच करत होती. गी पॉइटव्हॅ आणि हेमा राईरकर यांनी मावळ-मुळशीपासून महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही आहेत. त्या बाया शाळेत गेल्या नव्हत्या, पण ओळीच्या शेवटी कोणता शब्द जुळतो ते त्यांच्या कानाला अचूक कळत होते. म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, ‘आम्ही अडाणी, आम्ही काय पोरांना शिकवणार?’ असे या सभेत कुणी म्हणू नये. या कामाला वाचता येण्याची गरज नाही. कान आणि तोंड पुरते.

आता खेळ सांगतो. यांना पैसे लागत नाहीत, वेगळा वेळही लागत नाही.

सगळ्यांत सोपा खेळ टाळीचा. शब्द म्हणायचा आणि जितके तुकडे तितक्या टाळ्या. रा-हुल. आ-नंद. य-शो-ध-रा. मुलाला स्वतःच्या नावापेक्षा गोड शब्द दुसरा नाही, म्हणून नावापासून सुरू करावे. मग घरातल्या सगळ्यांची नावे, मग भाज्या, मग बसस्टॉपची नावे. चिख-ली, आ-कुर-डी, भो-स-री. भाकरी थापणाऱ्या आईला तर टाळीचीही गरज नाही, परातीत एकेक थाप पडते त्याबरोबर एकेक तुकडा म्हणावा. आमच्यातल्या एकीच्या नातवाने ‘को-थिं-बीर’ असे म्हणत अख्खी भाकरी थापली. ती गोल झाली नाही हा भाग वेगळा.

आणि याच टाळीवरून आमच्यात भांडण झाले. ‘कमळ’ला टाळ्या किती? बालवाडीच्या बाई म्हणाल्या, तीन, क-म-ळ, अक्षरे तीन आहेत. सातवीवाली म्हणाली, दोन. क-मळ. “तुम्ही बोलून बघा की बाई, कोण म्हणतं क, म, ळ?” चहा गार झाला तरी वाद मिटेना. शेवटी कळले ते असे, की दोघींचेही बरोबर. कागदावर तीन अक्षरे आहेत. तोंडातून मात्र शेवटच्या ‘ळ’मधला ‘अ’ उच्चारला जात नाही, म्हणून ‘मळ’ एकदम निघतो. लिहिताना आपण एक करतो आणि बोलताना दुसरे, आणि हे आपल्या मराठीत पावलोपावली आहे. पोराने दोन टाळ्या दिल्या तर त्याला खोडू नका, तो प्रामाणिकपणे ऐकतो आहे. पहिली-दुसरीत गेला की त्यालाच विचारा, ऐकू दोन येतात मग लिहितो तीन कशी? मोठी मजा वाटते मुलांना.

फुलपाखराला टाळ्या तीन, ट्रकला एक. मुलांनो, आता कोण मोठे? बघा, आता अर्धी सतरंजी फुलपाखराकडे आली.

दुसरा खेळ यमकाचा. काकडी, वाकडी, लाकडी, माकडी. ‘माकडी’ असा शब्द नाही म्हणून रागावू नका. उलट मुलाने खोटा शब्द तयार केला म्हणजे त्याला आवाजाचा साचा सापडला असे समजा. भाकरी, चाकरी, नंतर तो ‘ढाकरी’ म्हणेल, हसेल. हसू द्या. तुमच्या घरी भीमगीते वाजतात, ती मुलांना तोंडपाठ असतात. गाताना ओळीच्या शेवटच्या शब्दापाशी आपण थांबायचे आणि मुलाकडे बघायचे. तो शब्द तो पूर्ण करतो. त्रिसरण-पंचशीलही मुलांना असेच पाठ आहे, पण एकसलग, एका दोरीत. त्यातला एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते मुलांना विचारून बघा. आम्ही वर्गात हळू म्हणत एकेका शब्दाला एक पाऊल पुढे टाकतो. पहिल्या दिवशी मुलं धडाधड एकमेकांवर आदळली.

तिसरा खेळ बाजारातला. भाजीची पिशवी रिकामी करताना विचारायचे, “भ ने सुरू होणारे काय आहे?” भेंडी, भोपळा. “ब ने?” बटाटा, बीट. इथे जरा थांबायला हवे, कारण ब आणि भ, क आणि ख, ट आणि ठ हे जोडीचे आवाज मुलं फार गोंधळतात. वहीच्या कागदाची एक चिंधी मुलाच्या ओठांसमोर धरा. ‘टोपी’ म्हणताना कागद जेमतेम हलतो. ‘ठोकळा’ म्हणताना चांगलाच उडतो. क ला आणि ख ला करून बघा, त ला आणि थ ला करून बघा. ज्या पोराला शंभरदा सांगूनही ट-ठ कळला नव्हता, त्याला त्या चिंधीने पाच मिनिटांत दाखवले. पण च च्या बाबतीत सावध राहा. ‘चाक’ मधला च वेगळा आणि ‘चहा’ मधला वेगळा. ‘जाड’ मधला ज निराळा आणि ‘जीभ’ मधला निराळा. अक्षर एकच, आवाज दोन. मुलगा म्हणाला की हे दोन शब्द वेगळे सुरू होतात, तर तो चुकलेला नाही, त्याचा कान तुमच्यापेक्षा तीक्ष्ण आहे. असे मूल आमच्या वर्गात निघाले होते आणि आम्हीच आधी तिला ‘चूक’ म्हणालो होतो.

शब्दांच्या भेंड्या तर सर्वांना माहीत आहेत. शेवटच्या अक्षराने पुढचा शब्द. फक्त एक अडचण, ‘बाळ’ म्हटलं की पुढचा अडकला! मराठीत ळ ने शब्द सुरूच होत नाही, ण नेही नाही. आम्ही नियम केला आहे, ळ आला तर ल घ्यायचा, ण आला तर न. पाच वर्षांच्या एका मुलीने हा नियम ऐकून विचारले, “मग ळ ला पुढे बसायला कुणी देत नाही का?” आम्ही निरुत्तर.

मुलांचा लाडका खेळ चोरीचा. ‘दुकान’ मधला ‘दु’ चोराने नेला, काय उरले? कान! ‘विमान’ मधला ‘वि’ नेला? मान! ‘कपाट’ मधला ‘क’ गेला की पाट, ‘सकाळ’ मधला ‘स’ गेला की काळ, आणि ‘पाऊस’ मधला ‘पा’ गेला की ऊस. हा खेळ चार वर्षांच्या मुलाला जड जातो, साडेपाच-सहाला जमतो. नाही जमला तर टाळीवर परत या.

आता जो खेळ सांगतो तो आम्हाला स्वतःला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मराठीत ३४ व्यंजने. २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ धरून स्वर १४ झाले. म्हणजे एकेका व्यंजनाला बारा मात्रा लावल्या तरी चारशेच्या वर अक्षरे होतात. इंग्रजीची सव्वीस अक्षरे पाठ झाली की झाली, आपले तसे नाही. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास करून २००७ साली दाखवले, की अशा लिपीत सगळी अक्षरे पक्की व्हायला चौथीपर्यंत वेळ लागतो. शब्दाचे मोठे तुकडे मुलांना लवकर ऐकू येतात, पण ‘की’ म्हणजे क आणि ई हे दोन आवाज आहेत हे फार उशिरा कळते. कन्नडची लिपी आणि आपली देवनागरी यांची घडण सारखीच. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यातही २०१३ पासून तीन वर्षे पहिली ते तिसरीच्या मराठी मुलांचा असा अभ्यास झाला आणि तिथेही मात्रा हीच ठेच लागण्याची जागा निघाली.

तर मात्रेचा खेळ असा. “मामाचा गाडा” म्हणायचे. मग सगळीकडे ई घालायची, “मीमीची गीडी”. मग ऊ, “मूमूचू गूडू”. मग “मेमेचे गेडे”, “मोमोचो गोडो”. मुलं लोळून हसतात. पण बघा काय झाले, म जागेवर राहिला आणि स्वर बदलला. हीच मात्रा. उद्या शाळेत बाई म ला वेलांटी देतील तेव्हा या मुलाला ती ओळखीची वाटेल.

आणि च ची भाषा? आपण सगळ्यांनी लहानपणी बोललेली. मोठ्यांना कळू नये म्हणून! शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि पुढे च लावायचा. “चलाम चकरभा चदे”, म्हणजे मला भाकर दे. शाळेत ही भाषा बोललो म्हणून आमच्यातल्या दोघींनी पट्टी खाल्लेली आहे. आज विचार केला तर कळते, की पहिले अक्षर सोडवायचे, शेवटी नेऊन जोडायचे, नवे पुढे लावायचे आणि हे सगळे धावता धावता, कागदाशिवाय! याहून मोठा अभ्यास कोणता असतो? आठ-नऊ वर्षांच्या ताया-दादांनी धाकट्यांना ही भाषा जरूर शिकवावी. पट्टी मिळणार नाही, आम्ही लिहून देतो.

आता जरा मनाला लागणारी गोष्ट. आपल्या या पट्ट्यात कोण कुठून आलेले नाही? हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली पिंपरीत उभी राहिली तेव्हापासून लोक येत आहेत. कुणी परभणीचे, कुणी बुलढाण्याचे, कुणी जळगावचे, कुणी सोलापूरचे. प्रत्येकाच्या घरातली मराठी निराळी. कुणी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो, कुणाची आजी ‘काळा’ला ‘काया’ म्हणते. आमच्या वर्गात एका मुलीने ‘पानी’ म्हटले आणि दोन मोठी मुलं फिदीफिदी हसली. त्यानंतर सहा आठवडे ती मुलगी वर्गात बोललीच नाही. टाळी वाजवायची, तोंड उघडायची नाही.

आम्ही हसणाऱ्या मुलांना रागावलो नाही. पुढच्या रविवारी एक नवा खेळ आणला, ‘सारखे की वेगळे’. आम्ही म्हणायचे, ‘पाणी–पाणी’. मुलं, सारखे! ‘पाणी–पानी’. वेगळे! मग विचारायचे, असं कुणाच्या घरी म्हणतात? हात वर. पंधरापैकी अकरा हात वर आले, हसणाऱ्या दोघांचेही. मग कुठल्या गावाला काय म्हणतात याची यादीच सुरू झाली. त्या मुलीने सातव्या रविवारी आपल्या आजीचे तीन शब्द सांगितले. पुस्तकात ण लिहायचा हे तिला शिकवायचे आहेच, ते आम्ही शिकवतो. पण ण आणि न वेगळे ऐकू यायला आधी दोन्ही मोकळेपणाने म्हणता आले पाहिजेत. आजीचा शब्द चुकीचा ठरवून मुलगी ण शिकत नाही, फक्त गप्प बसायला शिकते.

आणि तो मुलगा, ज्याला ‘ढ’ म्हणायचे? त्याच्या आजी मराठवाड्यातल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या. त्यांना कोडी पुष्कळ येतात, पण वर्गात यायला तयार नव्हत्या. “मी काय सांगू बाई, मला सही येत नाही,” असे म्हणायच्या. आमच्यातली सातवीवाली त्यांच्या घरी जाऊन बसली, गवार निवडू लागली आणि बोलता बोलता यमके सुरू केली. आजी एकदा सुटल्या त्या सुटल्याच. आता दर दुसऱ्या रविवारी त्या सतरंजीच्या मधोमध बसतात. मुलगा तिसरीत आहे. वाचतो अजून सावकाश, जोडाक्षराला अडखळतो. ते लपवण्याचे कारण नाही. पण कंपनीच्या बसची पाटी वाचतो, आणि शाळेतल्या बाईंनी मागच्या महिन्यात त्याच्या वहीवर निळ्या शाईने सही केली, लाल नाही.

पालक दोन प्रश्न नेहमी विचारतात. एक, आमची मुलगी इंग्लिश मीडियमला आहे, मग मराठी खेळ कशाला? ताई, कान एकदा तयार झाला की तो भाषा बघत नाही. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या पहिलीच्या मुलांवर १९९३ साली एक अभ्यास छापला गेला. ज्यांना स्पॅनिश शब्दांचे आवाज सोडवता येत होते त्यांना इंग्रजी शब्द वाचणेही सोपे गेले. ज्या भाषेत मूल हसते, भांडते, हट्ट करते, त्या भाषेत कान लवकर तयार होतो. मोबाईलवर इंग्रजी गाणी लावून मूल शांत बसते हे खरे, पण मोबाईल त्याचे उत्तर ऐकत नाही. यमक अर्धवट सोडून तो मुलाच्या तोंडाकडे बघत नाही.

दुसरा प्रश्न वडिलांचा. “आम्हाला शिफ्ट असते, वेळ कुठाय?” बंधूंनो, वेळ मागतच नाही आम्ही. थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी येता, पोरगं बूट घालत असतं, तेवढ्यात दोन चोऱ्या होतात, दुकानातला ‘दु’ आणि विमानातला ‘वि’. शाळेत सोडताना तळवडे चौकात गाडी अडकतेच. तिथे दुकानांच्या पाट्यांवरून पहिला आवाज ओळखायचा. हॉर्न वाजवण्यापेक्षा बरे. पण एक काळजी आहे. प्रेस शॉपमध्ये, फोर्जिंगमध्ये वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे कान मंद होतात आणि ते त्यांना स्वतःला उशिरा कळते. घरात टीव्ही मोठा, बोलणे मोठे, मुलाचे हळू शब्द बापाला ऐकूच जात नाहीत. कंपनीने दिलेले इअरप्लग खिशात ठेवायला दिलेले नाहीत हो! आणि मुलाचा कान वाहत असेल, सारखी सर्दी असेल, हाक मारल्यावर ते वळत नसेल, तर खेळ बाजूला ठेवा. कानात तेल घालू नका, काडी घालू नका. संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, वायसीएम. तिथे कान-नाक-घसा विभागात मुलाला दाखवा. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला आपण हट्टी म्हणतो, मंद म्हणतो, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. आपल्याकडे आता अंगण उरले नाही, वन रूम किचन आहे, जिना आहे, पाण्याच्या टाकीजवळची दोन फूट जागा आहे. आमच्या वर्गातल्या मुलांनी टाळ्यांचा खेळ जिन्याच्या पायऱ्यांवर नेला आहे, जितके तुकडे तितक्या पायऱ्या. शेजारच्या काकूंची तक्रार आली आहे, ती योग्यच आहे. दुपारी दोन ते चार जिना बंद ठेवायचे ठरले आहे.

आणखी एवढेच, की खेळताना परीक्षा घेऊ नका. पाहुण्यांसमोर ‘सांग बरं दुकानातला दु काढला की काय?’ असे उभे करू नका. एका वेळी पाच मिनिटे, मूल कंटाळले की बंद. आणि एखादा दिवस त्याला कोडे घालू द्या, तुम्ही हरा. आमच्यातली क्वालिटीवाली कायम हरते, आणि खोटे खोटे नाही, खरोखर.

पुढच्या रविवारी सकाळी साडेदहाला विहाराच्या मागच्या खोलीत वर्ग आहे. येताना मुलांबरोबर घरातली आजी आणा, किंवा आजोबा. एक रिकामी पिशवी आणा आणि तिच्यात ‘प’ने सुरू होणाऱ्या पाच वस्तू घाला. पिशवीही मोजली तरी चालेल.

जयभीम.